वाढत्या अंगाचं माप

सिग्नल हिरवा झाला तसे मास्तर निघाले, पण त्यांचे पाय निघाले नाहीत. धड पुढे झुकलं, मान पुढे गेली, मनाने तर अर्धा रस्ता ओलांडलासुद्धा, आणि दोन्ही पाय मात्र फुटपाथच्या कडेला खिळे ठोकल्यासारखे तिथल्या तिथे. माणसं त्यांना वळसा घालून पुढे गेली. कुणाची तरी पिशवी कोपराला घासली. मागून एक बाई म्हणाली, "आजोबा, चला ना, हिरवा झालाय." जणू त्यांना रंगच कळत नव्हते. काळ्या आणि गडद निळ्या कापडातला फरक दिव्याखाली न नेता सांगण्यात ज्याची हयात गेली, त्याला ही बाई हिरवा शिकवत होती. मास्तरांना राग आला नाही. राग यायलाही अंगात थोडी हालचाल लागते. टाचा उचलल्या जात होत्या, गुडघे थरथरत होते, बुटांच्या आत पावलं जागच्या जागी बारीक नाचत होती. आपण आता तोंडावर पडणार, असं वाटून त्यांनी खाली पाहिलं. समोर रस्त्यावर एक पांढरा पट्टा होता, जाड आणि नुकता रंगवलेला. उजवा पाय उठला आणि त्या पट्ट्यावर जाऊन बसला. त्याच्या पुढे दुसरा पट्टा होता, त्यावर डावा गेला. मग तिसरा. मास्तर चालत होते, चांगले ढांगा टाकत, आणि कित्येक महिने खिशाशी चिकटून बसलेला डावा हातही मागेपुढे झुलू लागला होता. त्यांना हसू येऊ लागलं. मग पट्टे संपले, पलीकडचा फुटपाथ आला आणि तिथे घोडं पुन्हा पेंड खाऊ लागलं. रस्त्याच्या मध्यावर तरणाबांड आणि कडेला म्हातारा, असा तो प्रकार होता. एका माणसाने दंडाला धरून त्यांना वर ओढून घेतलं. मास्तर "बरं झालं" म्हणाले, पण ते त्यांच्या तोंडातल्या तोंडातच राहिलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. पुढे दुकान, मागे स्वतंत्र वाट असलेलं घर आणि दोहोंच्या मधे एक अरुंद बोळ. त्या बोळाच्या टोकाला दार, दाराला खाली लाकडाची बोटभर उंच पट्टी. वडिलांनी दोघा मुलांची वाटणी लहानपणीच करून टाकली होती. थोरल्याच्या हातात कात्री दिली, धाकट्याच्या पायाखाली मशीन. वडील फार बोलत नसत, पण दोन वाक्यं त्यांनी दोघांच्या डोक्यात शिवून ठेवली होती. एक, मापात पाप नको. आणि दुसरं, गिऱ्हाइकाच्या तोंडाला विचारू नये, टेपला विचारावं. माणूस स्वतःच्या अंगाबद्दल हमखास खोटं बोलतो, असं त्यांचं मत होतं. लबाडीने नाही, त्याला ते तसंच वाटतं म्हणून. पोट सुटलेला म्हणतो, कंबर तीच आहे. एक खांदा उतरलेला म्हणतो, मी सुतासारखा सरळ. अशांशी वाद घालू नये. गुपचूप माप घ्यावं, उतरलेल्या खांद्यात थोडा कापूस भरावा आणि माणसाला आरशासमोर उभं करावं. मास्तरांनी आयुष्यभर हेच केलं. अंग जसं आहे तसं धरायचं आणि कापडाने सांभाळून घ्यायचं. अंथरूण पाहून पाय पसरायचे, हे लोक म्हणतात. मास्तरांचा धंदा उलटा होता, पाय पाहून अंथरूण कापायचा. त्यामुळे दवाखान्यात डॉक्टरांनी कंपवात हे नाव सांगायच्या आधीच खरं तर मास्तरांच्या नजरेने स्वतःचं गिऱ्हाईक ओळखलं होतं. डाव्या बुटाचं नाक झिजलं होतं. शर्टाची डावी बाही उजवीपेक्षा नवी राहत होती. आपल्या डाव्या हाताने आपल्याला न सांगता नोकरी सोडली, हे त्यांना बाहीवरून कळलं, आणि तरी ते गिऱ्हाइकासारखेच म्हणाले होते की छे, तसं काही नाही.

बाहीवरून कळलं ते सोसलं. मुंढ्यावरून कळलं ते मात्र लागलं. मुंढा म्हणजे बाही अंगाला जिथे मिळते तो वाटोळा काप. लांबी-रुंदी काय, टेप सांगतो. मुंढ्याचं वळण हाताने यावं लागतं, खांद्यातून फिरणाऱ्या एका सलग रेघेत, न थांबता. ते वळण म्हणजे मास्तरांच्या हातचा मळ होता. पंधरा दिवसांमागे एके दुपारी धाकटा बाहेर गेला असताना त्यांनी टेबलावरचा कोटाचा कागद उचलला, आणि सकाळी स्वतः आखलेल्या पांढऱ्या रेघेच्या बाहेरून त्यांना दुसरी एक रेघ दिसली. पिवळ्या खडूची. त्यांच्या वळणाला समांतर, बोटभर अंतर सोडून. त्यांनी खालचा कागद काढला, त्याच्या खालचा काढला. सगळीकडे पांढऱ्याच्या बाहेर पिवळी. जोडीने फिरणाऱ्या त्या दोन रेघा बघत ते बराच वेळ उभे राहिले. रेघ कुठे वाकडी नव्हती, थरथरलेली नव्हती. वळण अगदी त्यांचंच होतं, फक्त लहान. जणू गिऱ्हाइकाच्या धाकट्या भावासाठी आखलेलं. आणि आखताना ते लहान आहे असं एकदाही वाटलं नव्हतं, हे सगळ्यात वाईट होतं. धाकटा परत आला तेव्हा कागद तसेच पसरलेले होते. तो मान खाली घालून म्हणाला, "दादा, बोललो असतो तर तू खडूच ठेवला असतास." मास्तरांनी त्याच दिवशी खडू ठेवला. पुढच्या आठवड्यात चहा पिताना धाकटा, बशीत बघत, म्हणाला की एक कटर मिळतोय, पुढच्या एक तारखेपासून येतो म्हणतो. तू बस, आराम कर, गल्ल्यावर बस हवं तर. मास्तर "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये काय काय होतं ते मशीनच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही. गल्ल्यावर बसायचं. कापडाला हात न लावता नुसतं त्याच्या वासात बसायचं. एखाद्या आचाऱ्याला पंगतीत बसवून पानात काहीच वाढू नये, तसं ते त्यांना वाटत होतं, आणि एक तारीख जवळ येत होती.

रस्त्यापलीकडे व्यायामाचा वर्ग होता. मोठं सभागृह, भिंतीशी खुर्च्या, एका बाजूला लांबच लांब आरसा, आणि मास्तरांसारखीच माणसं, कुणी हलणारी, कुणी मुळीच न हलणारी. शिकवणारी बाई मास्तरांच्या मुलीच्या वयाची असती, त्यांना मुलगी असती तर. आवाज मात्र पलटणीतल्या सुभेदाराचा. मास्तरांनी घरी तिचं नाव सुभेदारीण ठेवलं होतं. ती एकच शब्द वेगवेगळ्या पट्टीत ओरडायची: मोठं. हात मोठा, पाऊल मोठं, आवाज मोठा. पहिल्या दिवशी मास्तरांनी हात बाजूला पसरले तेव्हा ती म्हणाली, "काका, अर्धाच हात देताय मला." ते म्हणाले, "पूर्ण दिला." "आरशात बघा." हातच्या काकणाला आरसा कशाला, असं ते म्हणणार होते, पण आरशात जो माणूस दिसला त्याचे हात खरंच कोपरात वाकून बरगड्यांशी आले होते, थंडीत उभा असल्यासारखे. "अजून," ती म्हणाली. त्यांनी अजून पसरले. "अजून, काका. लाज सोडा." मग त्यांनी लाज सोडली आणि हात असे फेकले की आता पलीकडच्या खुर्चीवरच्या आजीबाईंच्या कानाला लागणार असं त्यांना वाटलं. आपण विदूषक झालो आहोत असं वाटलं. सुभेदारणीने फोनवर त्याचं चित्रण केलं आणि त्यांना दाखवलं. फोनमध्ये एक साधा माणूस साधे हात पसरत होता. ना जास्त, ना कमी. "तुम्हाला जेव्हा फार वाटतं ना, तेव्हा ते बरोबर असतं," ती म्हणाली. "अंगात ताकद आहे तुमच्या. आतला टेप आखडलाय. रोज मोठं केलंत तर थोडा थोडा ताणला जाईल, पण तो आपोआप नाही ताणला जाणार." मास्तरांना हे औषधाच्या नावांपेक्षा पटकन कळलं. दुकानात एकदा असा टेप होता. त्याच टेपने अंग मोजायचं आणि त्याच टेपने कापड, म्हणजे चूक कधी उघडच व्हायची नाही. कोट छान बसायचे. दुसऱ्या दुकानातल्याने त्याच्या टेपने माप घेतलं तेव्हा सगळं फुटलं. वडिलांनी तो टेप कात्रीने मधोमध कापून टाकून दिला होता. आतला टेप कसा कापून टाकायचा, हे मात्र मास्तरांना सुचेना.

रस्त्यातल्या पट्ट्यांची हकीकत ऐकून सुभेदारणीला कोण आनंद झाला. असं होतंच, ती म्हणाली. पाय डोक्याचं ऐकेनासे झाले तरी डोळ्यांचं ऐकतात. घरी जिथे अडखळता तिथे रेघा आखा आणि प्रत्येक रेघ ओलांडा. घरी अडखळायची जागा एकच होती, दुकानाकडे जाणारा बोळ आणि त्याच्या टोकाचं दार. त्या दारात मास्तर रोज उभे राहत. पलीकडे कटिंगचं टेबल दिसायचं, त्यावरची कात्री दिसायची, आणि पाय लाकडी पट्टीच्या अलीकडे चिकटलेले. मागून बायको यायची, हाताला धरून ओढायची. ओढलं की पाय आणखी रुतायचे आणि दोघंही एकमेकांवर वैतागायची. त्यांनी तिला सांगितलं, "रेघा आखायला सांगितल्यात. माझ्या पावलाच्या मापाने." ती म्हणाली, "एवढंच ना? माप घ्यायला काय, घरात टेपांना तोटा नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी बोळात पांढऱ्या खडूच्या रेघा होत्या, एकीसारखी दुसरी, दुकानातल्याच खडूने ओढलेल्या, काटकोनात. मास्तरांनी पहिली ओलांडली, दुसरी ओलांडली. पाय कुठे अडले नाहीत. दारापर्यंत ते सळसळत गेले, आणि दाराच्या पट्टीपाशी थांबले, कारण तिथे रेघा संपत होत्या. तरी बायकोच्या तोंडावर जे दिसलं ते बघून त्यांना फार बरं वाटलं. ती रोज फरशी पुसायची आणि रेघा पुसल्या जायच्या, आणि फरशी वाळली की गुडघ्यावर बसून पुन्हा आखायची. तिचेही गुडघे दुखत होते, त्याबद्दल ती बोलत नसे. मास्तर रेघांवरून जात येत राहिले. आत कुठेतरी त्यांना एक सुख लागलं होतं. न अडखळण्याचं, न ओढलं जाण्याचं. दुकानात जायचं ते उद्यावर टाकत गेले. बोळ तर आला आता हाताशी, असं ते स्वतःला सांगत, आणि धाकटा मशीनवरून मान वर करून बघे, पुन्हा खाली घाली.

आठ-दहा दिवसांनी सुभेदारणीने त्यांना सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काका, घरी काय करताय? पाऊल आखूड झालंय की. आधी होतं त्याहून." मास्तर म्हणाले, "रेघांवरून चालतो की रोज." "मग अडत नाही?" "नाही." "आणि दमायला होतं?" त्यांनी विचार केला. "नाही," ते म्हणाले, "मुळीच नाही." तेवढ्यात दुसऱ्या कुणाचा तरी तोल गेला म्हणून ती तिकडे धावली. परतताना मास्तरांनी पट्ट्यांचा रस्ता ओलांडला आणि मधेच त्यांच्या ध्यानात आलं की इथे पट्ट्यापर्यंत पोहोचायला मांडीला जोर द्यावा लागतो. बोळात लागत नाही. बोळात पाय जिथे पडतो तिथे रेघ आधीच वाट बघत असते. पण रेघ तर मापाने आखली आहे. बायकोने. ती मापात चुकायची नाही. या घरात आल्यापासून तिने कॉलरला अस्तर लावलंय, काज केलेत, बायकांची मापं तीच घेत आलेली. मग चुकतंय कोण, हे कोडं त्यांनी रात्री उशाशी घेतलं आणि सकाळी न्हाणीघरात नेलं.

ते अंघोळ करून ओल्या पायांनी बाहेर आले आणि खोलीत गेले. टॉवेल विसरला म्हणून लगेच मागे वळले, म्हणजे त्यांच्या हिशेबाने लगेच. वळायलाच त्यांना बराच वेळ लागायचा. दारातून दिसलं ते असं. बायको फरशीवर बसली होती. न्हाणीपासून खोलीपर्यंत त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे उमटले होते, एकाला एक जवळजवळ चिकटून, एखादं लहान मूल चालत गेल्यासारखे. ती एका ठशाच्या टाचेवर टेपचं टोक दाबून धरत होती आणि दुसऱ्या ठशापर्यंत तो ताणत होती. घाईने, ठसे वाळायच्या आत. ओठ हलत होते, आकडा विसरू नये म्हणून. मास्तर चौकटीला धरून बघत राहिले. हिने गिऱ्हाइकाच्या तोंडाला विचारलं नव्हतं. टेपला विचारलं होतं. अंग जसं आहे तसं धरलं होतं, रोज नव्याने, आणि रोज ते जेवढं उतरलं तेवढ्याच रेघा जवळ आणल्या होत्या, म्हणजे त्यांना कुठे टोचू नये, कुठे तंग होऊ नये. त्यांचाच धंदा तिने त्यांच्यावर केला होता, आणि जराही चूक न करता. चाळीस वर्षांच्या संसारात आपल्याला कुणी इतकं जपून मापलेलं नाही, असं त्यांना वाटलं, आणि हे असंच चाललं तर एक दिवस सगळ्या रेघा एकमेकींना चिकटतील, हेही त्याच क्षणी कळलं.

"अगं," ते म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही. त्यांना सुभेदारीण आठवली. आवाज मोठा. ते ओरडले, म्हणजे त्यांना वाटलं की ओरडलो, "अगं, इकडे बघ."

तिने दचकून वर बघितलं आणि टेप मुठीत लपवला. "केवढ्याने बोलता? टॉवेल देते ना."

"टॉवेल राहू दे. हे माप नको धरू."

"का? बरोबर आहे. कालच्यापेक्षा जरा कमी आलंय, पण..." ती थांबली. मुठीतला टेप तिने गुडघ्यावर ठेवला आणि सरळ करू लागली, नसलेल्या सुरकुत्या काढत. "मी कुणाला सांगितलं नाही," ती म्हणाली. "कमी येतंय म्हणून. रोज बघते मी."

मास्तरांनी फरशीवरचे वाळत चाललेले ठसे पाहिले. मग म्हणाले, "शाळेच्या पोराची पँट आपण कशी कापतो?"

"कशी म्हणजे? वाढत्या अंगाची. खाली दुमडून ठेवतो."

"तशी आख."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "या वयात?"

"या वयातच."

"आणि पडलात म्हणजे? रेघ लांब आणि पाय आखूड, मधल्या मधे तोंडावर आपटाल."

"बसत नाही म्हणून पोर पँट टाकून देतं का? वाढतं तिच्यात."

"पोर वाढतं हो," ती म्हणाली. पण उठली. फरशी पुसली, ठसे गेले. मग खडू घेऊन बोळात उभी राहिली आणि किती अंतर धरू, असं विचारणार होती, पण विचारलं नाही. टेप तिने गळ्यात टाकला. पहिली रेघ ओढली, त्या रेघेवर उभी राहिली, स्वतःचं एक पाऊल टाकलं, वर आणखी अर्धं टाकलं, आणि तिथे वाकली. मास्तर म्हणाले, "हे काय मापायचं झालं?" ती मान वर न करता म्हणाली, "तुमच्या मागून चालण्यात जन्म गेला माझा. बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे पुढे आपले तुम्ही. तुमचं एक ते माझं दीड. याला टेप कशाला हवा?" अशी ती दीड-दीड करत दारापर्यंत गेली. दाराची लाकडी पट्टी ओलांडून पलीकडे दुकानात गेली आणि शेवटची रेघ तिने तिथे ओढली, दुकानाच्या फरशीवर. मशीन थांबलं. धाकटा म्हणाला, "वहिनी, काय चाललंय?" ती म्हणाली, "तुमचं तुम्ही शिवा."

मास्तर पहिल्या रेघेशी उभे राहिले. दुसरी रेघ त्यांना गटारापलीकडे असल्यासारखी वाटली. त्यांनी पाय उचलला, आणि तो जेवढा उचलला त्याहून अजून उचलला, लाज सोडून, वर्गातल्यासारखा, नाटकातल्या राजासारखा. रेघ ओलांडली गेली. मांडी भरून आली. बायको पलीकडे उभी होती. हात पुढे करायचा नाही म्हणून तिने दोन्ही हातांनी टेपची टोकं धरून ठेवली होती. मधे एकदा ते डगमगले, भिंतीला हात लावला, पुन्हा रेघेकडे बघितलं. आपण कसे दिसत असू, हा विचार आला आणि त्यांनी तो येऊ दिला. दारापाशी पाय थबकले. पट्टी दिसत होती. पण पट्टीच्या पलीकडे एक पांढरी रेघ होती आणि ती बोलावत होती. त्यांनी पट्टीकडे बघायचं सोडलं आणि रेघेकडे बघितलं. मग ते दुकानात होते. नव्या कापडाचा आणि इस्त्रीच्या वाफेचा वास नाकात गेला तेव्हा त्यांना कळलं की आपण किती दिवस तो लांबून घेत होतो.

धाकट्याने काही न विचारता टेबलावर खाकी कागद पसरला. मास्तरांनी खडू उचलला. खांद्यातून हात फिरवला, मुंढा आखला, फार मोठा, एवढा मोठा की त्यात गिऱ्हाईक आणि त्याची बायको दोघं मावतील. "कमानच झाली ही," ते म्हणाले. धाकट्याने पुठ्ठ्याचा जुना खाका आणून वर ठेवला, जो मास्तरांनीच कधीकाळी कापलेला होता. "अजून अर्धं बोट आत आहे, दादा." त्यांनी पुन्हा आखला. या वेळी हात टेबलाबाहेर चालला आहे असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी तो जाऊ दिला. "आता मात्र फारच झालं."

धाकट्याने खाका ठेवला, कडेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "आता बसला," तो म्हणाला. खाका बाजूला ठेवून तो म्हणाला, "एक तारखेला तो कटर येईल. त्याला सांगतो मी की कापशील तू, आखतील दादा."

"रोज जमेलच असं नाही," मास्तर म्हणाले.

"नाही जमलं त्या दिवशी पिवळा खडू आहे की. आता तुझ्यासमोर वापरीन."

दुसऱ्या दिवशी मास्तर उठले तेव्हा फरशी पुसून वाळली होती आणि बोळात रेघा तयार होत्या. ते पहिल्या रेघेशी उभे राहिले, आणि त्यांची नजर, जी स्वतःचं अंग सोडून बाकी कशातही अजून चुकत नव्हती, दुसऱ्या रेघेवर जाऊन थांबली. कालच्यापेक्षा ती बोटभर पुढे होती.

"काल एवढं नव्हतं," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. "वाढतं अंग आहे ना," बायको तिथूनच म्हणाली.

मास्तरांनी पाय उचलला.